आबांच्या मेडलच्या पट्टीत फायर ब्रिगेडचं मेडल मधेच कसं काय? फ्रेम करायचीय, जाणकारांनी सांगा

कयाधूकाठ

रामराम मंडळी. हिंगोली जिल्ह्यातून लिहायलोय, पोस्ट जरा लांबलीय, सांभाळून घ्या.

आमचे आबा म्हणजे वडिलांचे वडील मागच्या पोळ्याच्या आसपास गेले. आता वर्षश्राद्ध आलंय म्हणून घर आवरायला काढलं तर वरच्या खोलीत त्यांची काळी पत्र्याची ट्रंक निघाली, मिल्ट्रीतली, वर पांढऱ्या पेंटनं नंबर आणि नाव. आत एक खाकी स्वेटर, दाढीचा डबा, गमबुटाचा एकच पाय (दुसरा कुठं गेला देव जाणे), पेन्शनचे कागद आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली मेडलं. पितळेच्या एका पट्टीवर ओळीनं टांगलेली, मागं पिन. पाच आहेत, पण पट्टी सहांची दिसायलीय, कारण आपण समोरून बघितलं की डाव्या टोकाला एक जागा रिकामी आहे आणि तिथं नुसती रिबिन शिवलेली आहे, खाली काहीच नाही.

आबांचं थोडक्यात सांगतो. १९६६ ला मराठा पलटणीत भरती, ७१ ची लढाई केली, १९८१ ला नाईक म्हणून पेन्शन आले. दोन वर्षं शेती करून बघितली, कोरडवाहू, त्यात काय भागतंय, मग १९८३ ला शेजारच्या तालुक्याच्या नगरपालिकेत फायरमन म्हणून लागले आणि २००५ ला लीडिंग फायरमन म्हणून रिटायर झाले. म्हणजे फौजेत १५ वर्षं आन बंबावर २२. पण गावात त्यांना सगळे मिल्ट्रीवालेच म्हणायचे, आणि तालुक्याच्या बाजारात गेलं की भाजीवाल्यापासून सगळे बंबवाले आबा म्हणून हाक मारायचे. लहान असताना मला वाटायचं दोन वेगळी माणसं आहेत.

आता वांधा असा झालाय की रिकाम्या जागेनंतर दोन मेडलं फौजेची दिसायलीत, एकावर संग्राम वाचायला येतंय, दुसऱ्याच्या रिबिनीवर छोटी पट्टी आहे तिच्यावर हिमालय लिहिलंय, मग मधेच फायर ब्रिगेडचं, आणि त्याच्या पुढं परत दोन फौजेची. माझा चुलत भाऊ म्हणतोय आबांनी म्हातारपणी चुकून कसंही लावलं असंल, फायरचं काढून बाजूला ठेव, फ्रेम कशी निव्वळ फौजीची दिसली पाहिजे. फ्रेमवाला म्हणाला फायरचं शेवटी टाकू, साइज बरोबर बसतंय. वडील काहीच बोलेनात. सराफाला दाखवलं तर तो म्हणाला चांदी-बिंदी काही नाही यात, तर आईचं तोंड उतरलं. मेडलं काळी पडलीत, पितांबरीनं घासली तर चालतील का? आणि १५ ऑगस्टला झेंडावंदनाला वडिलांनी ती छातीवर लावून गेलं तर कुणी काही म्हणंल का? ज्यांना माहीत आहे त्यांनी सांगा राव.

भंगारातलं_सोनं

पितांबरी लावू नका!!! हात जोडतो. चिंच नको, राख नको, टूथपेस्ट तर अजिबातच नको. मी जुनी नाणी-मेडलं जमवतो, लोकांनी घासून घासून वाट लावलेली मेडलं बघून जीव जळतो. मऊ कोरड्या सुती कापडानं धूळ पुसा, बास. काळपटपणा राहू द्या, तो तिथंच शोभतो.

दुसरं म्हणजे गोल मेडलची कड बघा, जाडीवर, जिथं रुपयाला दाते असतात तिथं. भारतीय फौजेच्या मेडलवर नंबर, हुद्दा, नाव कोरलेलं असतं. घासलं की तेच आधी जातं. उजेडात तिरपं धरून मोबाईलनं फोटो काढा, वाचायला येतंय. नाव असलेलं मेडल म्हणजे त्या माणसाचंच, बाजारात दुसरं विकत मिळत नाही. सराफाचं ऐकून मन छोटं करू नका, फौजेची ही मेडलं चांदीची नसतातच बहुतेक, तांब्या-निकेलच्या मिश्रधातूची असतात, कलकत्त्याच्या सरकारी टांकसाळीत पडतात. सराफ वजन करणार, त्याचा धंदाच तो आहे.

रिटायर्ड_हवालदार

जय हिंद. मी पण मराठाचाच, पण तुमच्या आबांच्या लई नंतरचा, त्यामुळं आधी त्यांना सॅल्यूट.

तुम्ही लिहिलंय त्यावरून सांगतो. संग्राम मेडल म्हणजे ७१ च्या युद्धाच्या काळात ठरवून दिलेल्या भागात ड्युटीवर असलेल्यांना मिळालेलं. हिमालय पट्टीवालं आहे ते सैन्य सेवा मेडल, अवघड जागी नोकरी केली त्याचं, पट्टीवर कुठली जागा ते लिहिलेलं असतं, कुणाचं जम्मू कश्मीर असंल, कुणाचं हिमालय. मग तुमचं फायरचं. त्याच्या पुढचं बघा, त्यावर २५ चा आकडा असंल, ते स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हाचं, १५ ऑगस्ट १९७२ ला जो जो नोकरीत होता त्या सगळ्यांना मिळालं. शेवटचं ९ वर्षं नोकरी पूर्ण केल्याचं.

आता मेन मुद्दा. तुमच्या आबांनी काहीही चुकवलेलं नाही भाऊ. पट्टीवर कोण कुठं बसणार याची सरकारची यादी आहे, परमवीर चक्रापासून खाली पार ९ वर्षांच्या मेडलपर्यंत, आणि त्या यादीत फौज, पोलीस, फायर सगळे एकत्र आहेत. सेवेबद्दलचं फायरचं मेडल त्यात सैन्य सेवा मेडलच्या खाली येतं आणि स्वातंत्र्य जयंतीच्या आन ९ वर्षांच्या मेडलच्या वर येतं. म्हणजे बरोब्बर मधे. नवा रंगरूट काय, जुना हवालदारसुद्धा ही यादी न बघता सांगू शकत नाही. आबांनी ती कुठंतरी बघितली असणार नाहीतर कुणाला तरी विचारलं असणार. फ्रेमवाल्याला सांगा साइज-बिइज बाजूला ठेव, आहे तशीच बसव.

ती रिकामी जागा सगळ्यात मानाची आहे. समोरून डावं टोक म्हणजे घालणाऱ्याच्या छातीच्या मध्याकडचं टोक, सगळ्यात वरचं मेडल तिथं लागतं. संग्रामच्या वर काहीतरी होतं. डिस्चार्ज बुक शोधा, फौजेतून सुटताना मिळतं ते, कागदात असंल, त्यात मेडलची नोंद असते. पलटण कोणती होती तेही सांगा.

वडिलांचं म्हणाल तर डाव्या छातीवर लावू नका, डावी बाजू ज्याची त्याचीच. माजी सैनिक गेल्यावर घरच्यांनी श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात, युद्धस्मारकावर वगैरे उजव्या छातीवर लावायला आर्मीनं परवानगी दिलेली आहे. शाळेच्या झेंडावंदनाला कुणी अडवणार नाही, पण उजवीकडंच लावा.

जालनेकर_पक्का

माझं मत जरा वेगळं आहे, रागवू नका. यादी-बिदी ठीक आहे पण लोकांना काय कळतंय त्यातलं? पाहुणा घरात आला की फ्रेम बघणार, त्याला युद्धाची मेडलं दिसली पाहिजेत. फायरचं वेगळ्या छोट्या फ्रेममध्ये लावा की. आणि स्पष्टच सांगतो, शौर्याचं असतं तर गोष्ट वेगळी, ते सेवेबद्दलचं मेडल म्हणजे वर्षं भरली, फाइल वर गेली की मिळतं. युद्धाच्या मेडलच्या मांडीला मांडी लावून ते कशाला?

गमबूट

जालनेकर, तुम्ही जालन्याचे म्हणून विचारतो, जिनिंगमधली कापसाची आग कधी जवळून बघितलीय का?

मी मराठवाड्यातल्याच एका पालिकेतून सब ऑफिसर म्हणून रिटायर झालो, ३१ वर्षं काढली, त्यामुळं थोडं लांबण लावतो. कापसाची गंजी पेटली की वरून पाणी मारायचं, वरचा थर भिजतो, लोकांना वाटतं विझली. आत काय होतंय तर धुमसत राहतं. कच्च्या कापसाला मेणासारखा थर असतो, पाणी शोषून घेत नाही, वरून वाहून जातं. मग आकडे लावून गंजी फोडायची, आतला जळका माल ओढून बाहेर काढायचा, पसरायचा, पुन्हा भिजवायचा. गाठी असल्या तर आणखी ताप, एक गाठ १७० किलोची, दाबून बांधलेली, बाहेरून गार लागते आन आत इंगळ. दिवाळीनंतर सीझन सुरू झाला की दोन-दोन तीन-तीन दिवस एकाच जागेवर पाळ्या लावून उभं राहायचं, पेपरात आग आटोक्यात म्हणून छापून येतं आणि त्याच रात्री तिथलीच वर्दी परत येते. तेव्हा आम्हाला तोंडाला बांधायला ओला रुमाल होता, बाकी काही नाही.

वर्दीवरून आठवलं. फौजेत वर्दी म्हणजे अंगावरचे कपडे, आमच्यात वर्दी म्हणजे आग लागल्याचा निरोप. माजी सैनिक नवीन लागला की पहिल्या आठवड्यात हमखास गोंधळ. आमच्याकडं एक जण होते, कंट्रोलवाला ओरडला वर्दी आली, वर्दी आली, तर हे साहेब स्टोअरकडं निघाले, वाटलं नवीन ड्रेस वाटायलेत. पण एकदा रुळले की फौजी माणूस म्हणजे स्टेशनला आधार. होज वाळवून गुंडाळलेली, कपलिंगचं वॉशर बघितलेलं, बंबाची टाकी भरलेली, हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. आमच्यासारखी पोरं कॉल संपला की आडवी व्हायची, ते आधी सामान मोजायचे.

आणि आग हा निम्माच भाग झाला. उन्हाळ्यात कडब्याच्या गंज्या पेटायच्या, गावाला पोचेपर्यंत राख, तिथं जाऊन शिव्या खायच्या. विहिरीत पडलेल्या म्हशी काढायच्या. सगळ्यात वाईट म्हणजे विहिरीतला गॅस. पाणी खोल गेलं की लोक डिझेल इंजिन विहिरीत खाली उतरवून ठेवायचे, धूर तिथंच साचून राहायचा, गाळ काढायला उतरलेला माणूस वर येईना म्हणून भाऊ उतरायचा, तोही पडायचा, मग बाप उतरायचा. आम्ही पोचलो की आधी काठावरच्या लोकांना मागं ओढायचं काम, नाहीतर चौथा उतरायला तयारच असायचा.

किल्लारीच्या भूकंपाचं तर विचारूच नका. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, त्यामुळं आम्ही विसर्जनाच्या ड्युटीवरून नुकतेच आलेलो, बूट पायातच होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, सगळं वजन झोपलेल्या माणसांवर आलेलं. तिथं बंबाचा काही उपयोग नाही, पाणी काय करता, हातानं दगड उचलायचे. मी तेव्हा पंचविशीतला, पहिल्या दिवशी दुपारी एका भिंतीला टेकून बसलो तर उठताच येईना. आमच्यातले माजी सैनिक मात्र रांग लावून दगड हातोहात पुढं सरकवायलेत आणि आम्हाला रांगेत ओढून उभं करायलेत. मग फौज आली, त्यांनी तर डोंगर उपसला.

आता मेडलचं. फायर सर्व्हिसची राष्ट्रीय मेडलं चार होती. दोन शौर्याची, एक राष्ट्रपतींचं आणि एक साधं. दोन सेवेची, विशिष्ट सेवेसाठी राष्ट्रपतींचं आणि सराहनीय सेवेसाठी साधं. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला दिल्लीचं गृहखातं यादी काढतं. २०२४ पासून पोलीस, फायर, होमगार्ड, तुरुंग अशा सगळ्यांची मिळून १६ मेडलं होती ती एकत्र करून चारच केलीत, म्हणजे तुमच्या आबांचं जे फायर नाव असलेलं मेडल आहे ते आता तसं मिळत नाही. भंगारातलं सोनं, बरोबर ना?

आणि जालनेकर, फाइल वर जाते म्हणता. कुणाची जाते? लहान नगरपालिकेत एक बंब, दोन ड्रायव्हर, सहा-सात माणसं, तेव्हा बऱ्याच ठिकाणी फायर स्टेशन म्हणजे पाण्याच्या टाकीखालची एक खोली. तिथल्या फायरमनचं नाव पालिकेनं लिहायचं, राज्याच्या अग्निशमन संचालनालयात जायचं, मंत्रालयात जायचं, तिथून दिल्लीला, मधे कुठं एक कागद कमी पडला की संपलं. मुंबई-पुण्याच्या मोठ्या दलाला हे सगळं बघणारी माणसं असतात. तालुक्याच्या गावातल्या लीडिंग फायरमनला हे मिळालंय म्हणजे कुणीतरी लई मनावर घेतलं असणार. मला तर ३१ वर्षांत नाही मिळालं, आणि खोटं कशाला बोलू, वाईट वाटतं.

भंगारातलं_सोनं

@गमबूट हो, बरोबर. आणि एक संग्राहक म्हणून सांगतो, ७१ ची मेडलं मी पुष्कळ बघितलीत, पण एकाच पट्टीवर फौज आणि फायर दोन्ही मी तरी अजून बघितलेलं नाही. वेगळं केलं की उरली नुसती सुटी मेडलं. पट्टी तोडू नका.

सेलूचा_गण्या

थोडं ऑफ टॉपिक, माझा मावसभाऊ पुढच्या वर्षी फौजेतून रिटायर होतोय. माजी सैनिकाला फायरमध्ये जागा असतात का अजून?

गमबूट

असतात की. महाराष्ट्रात गट क आणि गट ड च्या भरतीत माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण फायरच्या जाहिरातीत अग्निशामकाचा कोर्स, उंची, छाती, धावणं हे सगळं बघून घ्या, प्रत्येक ठिकाणचं वेगळं असू शकतं. कोर्सबद्दल राज्याच्या अग्निशमन संचालनालयाकडं चौकशी करायला सांगा, ते मुंबईला आहे. १४ एप्रिलला कुठल्याही फायर स्टेशनला जाऊ द्या, त्या दिवशी माणसं बोलायच्या मूडमध्ये असतात. सकाळी परेड असते. १९४४ ला त्याच दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकीन नावाच्या जहाजाचा स्फोट झाला, ६६ फायरवाले गेले. त्या जहाजात दारूगोळा होता आन वर कापसाच्या गाठी पण होत्या, धुमसत होत्या म्हणूनच तर दल तिथं गेलेलं. म्हणून म्हणतो, कापसाला हसू नका. आमच्याकडं तर १४ एप्रिलला सकाळी दोन मिनिटं शांत उभं राहायचं आणि दुपारपासून भीमजयंतीच्या मिरवणुकीला बंब घेऊन बंदोबस्त, रात्री दोनला घरी. लई वर्षं तसंच चाललं.

कयाधूकाठ

मंडळी, एवढ्या जणांनी मनापासून लिहिलं, काय बोलावं कळेना. गमबूट काका, तुमची पोस्ट वडिलांना वाचून दाखवली. विहिरीचं वाचल्यावर ते एवढंच म्हणाले की आबा अशा दिवशी घरी आले की जेवायचे नाहीत आणि कुणी विचारलेलं पण चालायचं नाही.

डिस्चार्ज बुक सापडलं. पेन्शनच्या कागदात नव्हतं, आजीच्या पोथीच्या कापडात होतं. पलटण १ मराठा लाइट इन्फंट्री लिहिलंय. मेडलच्या जागी पाच नावं आहेत, चार आपल्याकडची आणि सगळ्यात वर पूर्वी स्टार. म्हणजे रिकामी जागा त्याची. हवालदार काका, तुम्ही न बघता बरोबर सांगितलं. पाचही मेडलच्या कडा तपासल्या, फौजेच्या चारही मेडलवर आबांचा नंबर आणि नाव आहे, बारीक आहे पण आहे.

हिंदी पत्र पण निघालं, पार पिवळं पडलेलं, त्यात सराहनीय सेवा असं आहे.

आणि सगळ्यात भारी म्हणजे आजी. आजपर्यंत कुणी तिला विचारलंच नव्हतं हो. तिला म्हटलं आबांनी हे मधेच कामून लावलं असंल, तर म्हणाली, "मेडल आलं तवा परभनीला सैनिक बोर्डात जाऊन इचारून आले की कोन्तं कुठं लावायचं. कागदावर लिहून आनलं हुतं. मंग सुई दोरा घिऊन बसले, मला हात लावू दिला न्हाई." चुलत भावाला हे सांगितलं, तो गप्प बसलाय, पण ऐकंल असं वाटायलंय.

रिटायर्ड_हवालदार

१ मराठा!!! अहो जंगी पलटण आहे ती. आणि पूर्वी स्टार म्हणजे पूर्वेकडच्या आघाडीवर, बांगलादेशात. आबांनी जमालपूरचं नाव कधी काढलं होतं का?

डिसेंबर ७१. जमालपूरला पाकिस्तानची बलुच पलटण पक्की मोर्चेबंदी करून बसलेली. आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी चिठ्ठी पाठवली, तुम्ही घेरले गेलात, शरण या. समोरच्या कर्नलनं उत्तराच्या चिठ्ठीत बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली, म्हणजे लेखणी सोडा आणि बंदूक उचला. मग १ मराठानं त्यांच्या पाठीमागं ढाक्याच्या रस्त्यावर ठाण मांडलेलं होतंच, १० डिसेंबरच्या रात्री ते बाहेर पडायला निघाले ते थेट आपल्या पोरांच्या अंगावर. रात्रभर चाललं. सकाळी जमालपूर आपलं. तिथून पलटण पुढं ढाक्याला, आणि १६ तारखेला पाकिस्तानच्या जनरल नियाझीनं शरणागतीवर सही केली. जमालपूर हा त्या पलटणीचा बॅटल ऑनर आहे, म्हणजे लढाईच्या नावानं पलटणीला मिळालेला मान, आम्हाला बेळगावला ट्रेनिंगमध्ये उस्ताद लोक हे गोष्टीसारखं सांगायचे. तुमच्या आबांच्या तोंडून ऐकायला मिळालं असतं तर काय सांगू.

स्टार पाच टोकांचा असतो, गोल नसतो, त्यामुळं घरात कुठं पडलेला असंल तर पोरांचं खेळणं म्हणून कुणी ठेवून दिलेलं असू शकतं. कपाटं, देवघर, शिवणाच्या मशीनचा ड्रॉवर, सगळं बघा. नाहीच सापडला तर दुसरा मिळण्यासाठी अर्ज करता येतो. हरवल्याचा पोलीस ठाण्याचा दाखला, स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र, आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत बेळगावला आपल्या रेकॉर्ड ऑफिसला. अर्ज आजीच्या नावानं करा, पेन्शन त्यांच्या नावावर चालू असंल. वेळ लागतो, धीर धरा.

जालनेकर_पक्का

सैनिक बोर्डात जाऊन विचारून आले म्हणजे विषय संपला. माझं म्हणणं मागं घेतो. गमबूट काका, जिनिंगची आग बघितलीय, पण लांबून, भिंतीवर चढून, पोरं पोरं मिळून शेंगा खात. आता लाज वाटायलीय.

गमबूट

शेंगा खाणारे तर आम्हाला पाहिजेच असायचे, पाइप ओढायला हाक मारली की निम्मे पळायचे निम्मे यायचे.

कयाधूकाठ

शेवटचं अपडेट.

जमालपूरचं नाव आबांनी कधीच काढलं नाही. बांगलादेशाबद्दल ते फक्त दोन गोष्टी सांगायचे, एक म्हणजे तिथला चिखल आपल्या काळ्या मातीपेक्षा वाईट, आणि दुसरं म्हणजे एका म्हातारीनं त्यांना भात आणि मासा खाऊ घातला होता आणि माळकरी असून त्यांनी तो खाल्ला. बस. वडिलांना काका तुमची पोस्ट मी तीनदा वाचून दाखवली.

स्टार घरभर शोधला. शेवटी आजी म्हणाली कशाला शोधायलास, तो तूच हरवलास की. मी म्हटलं मी? मग तिनं सांगितलं आणि सांगता सांगता मला पण थोडं थोडं आठवायला लागलं. मी दुसरीला होतो, २६ जानेवारीला शाळेत वेशभूषा होती, मी सैनिक झालेलो. आबांनी स्टार पट्टीवरून सोडवून सेफ्टी पिनेनं माझ्या शर्टाला लावला, स्वतःच्या हातानं. प्रभात फेरी झाली, ग्राउंडवर पळालो, घरी आलो तर छातीवर नुसती पिन. मी रडून रडून गोंधळ घातला, जेवेना. आबा बॅटरी घेऊन शाळेच्या ग्राउंडवर गेले, लई उशिरा आले, आणि मला उठवून म्हणाले सापडला रे, ट्रंकेत ठेवलाय, आता जेव. मी जेवलो आणि झोपलो. त्यानंतर पंचवीस वर्षं मला वाटायचं तो ट्रंकेत आहे. म्हणजे वाटायचं पण नाही, विसरूनच गेलो होतो.

आजी म्हणाली दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, पुढं महिनाभर ड्युटीवर जाताना ते शाळेवरून सायकल घालायचे.

फायरचं मेडल त्यानंतर दोन वर्षांनी आलं. म्हणजे पट्टी नव्यानं शिवली तेव्हा स्टार जाऊन दोन वर्षं झालेली होती, तरी त्यांनी पहिली जागा सोडली आणि रिबिन तेवढी लावून ठेवली. मला काही बोलले नाहीत.

फ्रेम आहे तशीच करायची ठरलंय, सहा जागांची. चुलत भाऊच काल फ्रेमवाल्याकडं जाऊन माप देऊन आला. फ्रेमवाला विचारायला होता की पहिल्या जागी काय टाकू, रिकामं बरं दिसत नाही. म्हटलं राहू दे सध्या.

सोमवारी आजीला घेऊन सैनिक कल्याणच्या ऑफिसात जायलोय. हवालदार काका, प्रतिज्ञापत्रात पदक कसं हरवलं ते लिहावं लागंल ना, तिथं काय लिहू? खरं लिहिलं तर चालतंय का, का नुसतं घर बदलताना गहाळ झालं असं लिहू?

रिटायर्ड_हवालदार

खरंच लिहा. तारीख नक्की आहे, २६ जानेवारी, साल शाळेच्या दाखल्यावरून काढा. आजीचं आधार, पेन्शनचं पासबुक, डिस्चार्ज बुकाच्या तीन झेरॉक्स न्या, एकात भागत नसतं. आणि सकाळी साडेदहाच्या आत पोचा, आजींना रांगेत उभं करू नका, बाहेर बाकडं असतंय तिथं बसवा.

भंगारातलं_सोनं

शाळेचं ग्राउंड अजून मातीचंच आहे का हो? माझ्याकडं मेटल डिटेक्टर आहे. हिंगोली मला दोन तास. रविवारी मोकळा असतो.

कयाधूकाठ

मातीचंच आहे. या.